डिझेल जनरेटरवर मोटार उचलत नाही? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

चोपडा-यावल पट्ट्यात मोटारी रिवाइंड करायचं आमचं दुकान आहे. एप्रिल-मे लागला की फोन सुरू होतात. केळीला रोज पाणी लागतं, थ्री फेज लाइट कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला, आणि मधेच डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर चार दिवस काहीच नाही. मग जनरेटर येतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "भाऊ, मोटर टाकी का जनरेटर बसी जास!" तीच तीच उत्तरं तोंडी देऊन घसा बसला, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

माझी मोटार साडेसात एचपीची, जनरेटर 15 केव्हीएचा. हिशोबानं पुरायला हवा. मग उचलत का नाही?

तुमचा हिशोब चालत्या मोटारीचा आहे. जनरेटर दमतो तो चालू होताना.

एक एचपी म्हणजे 746 वॅट. साडेसात एचपी म्हणजे साडेपाच किलोवॅट. सबमर्सिबल चालती असताना साधारण 13 अँपिअर घेते, म्हणजे नऊ-साडेनऊ केव्हीए (व्होल्टेज आणि करंट मिळून जनरेटरची क्षमता मोजायचं माप). इथवर तुमचं बरोबर आहे. पण स्टार्टर दाबला त्या क्षणी रोटर उभा असतो. फिरत्या मोटारीत आतून उलटं व्होल्टेज तयार होतं आणि तेच करंटला अडवून धरतं. रोटर थांबलेला असेल तर अडवायला कुणीच नाही, म्हणून मोटार नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. तुमची 13 ची मोटार दोन-तीन सेकंद 70 अँपिअर मागते, म्हणजे जवळजवळ 50 केव्हीए. पंधराच्या जनरेटरकडे.

महावितरणच्या लाइनवर हे जाणवत नाही, कारण मागे 63 किंवा 100 केव्हीएची डीपी आणि तिच्या मागे सगळं ग्रिड उभं असतं. जनरेटर बिचारा एकटाच.

"जनरेटर बसतो" म्हणजे नक्की काय बसतं? इंजिन की अल्टरनेटर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण सगळी मेख इथंच आहे. इंजिन वेगळं बसतं आणि अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, वेगळा बसतो, आणि दोघांचं औषधही वेगळं.

मोटार टाकताना कान इंजिनाकडे ठेवा आणि डोळा शेडमधल्या बल्बकडे. इंजिनाचा आवाज खाली गेला, काळा धूर आला, हर्ट्झ मीटर 50 वरून 45-46 ला आलं, तर इंजिनाची ताकद कमी पडते आहे. डिझेल फिल्टर चोंदलाय, एअर फिल्टर धुळीनं भरलाय, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर सुस्त आहे किंवा इंजिनच लहान आहे. आवाज जवळपास तसाच राहिला पण बल्ब मिणमिणला, तर अल्टरनेटर व्होल्टेज धरू शकत नाही.

आमच्याकडच्या दहापैकी सात केसेस दुसऱ्या प्रकारच्या. चालू होतानाच्या करंटचा पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी खरं काम करणारा हिस्सा) फार वाईट असतो, 0.3 ते 0.4 च्या आसपास. म्हणून केव्हीए प्रचंड दिसतो, पण इंजिनावर खरा भार त्या मानानं कमी येतो. मार पडतो तो अल्टरनेटरला आणि त्याचं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या एव्हीआरला. जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाचं जड चाक हर्ट्झ सांभाळायला मदत करतं, व्होल्टेजला त्याचा काही उपयोग नाही. "आमच्या आजोबांचं इंजिन कसं उचलायचं" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि व्होल्टेज पडलं की मोटारीचा जोर त्याच प्रमाणात नाही, वर्गाच्या प्रमाणात पडतो. व्होल्टेज 80 टक्के राहिलं तर जोर 64 टक्के. 60 टक्के राहिलं तर जोर जेमतेम 36 टक्के. मोटार घुंघुं करत जागीच उभी राहते ती यामुळे, आणि उभी राहिली की मोठा करंट सुटत नाही. असं अर्धा मिनिट चाललं की ती आमच्या दुकानात येते.

मग किती एचपीला किती केव्हीए घ्यायचा?

अंदाज सांगतो, छापील सत्य समजू नका. साधा डायरेक्ट स्टार्टर असेल तर एचपीच्या अडीच ते तीन पट केव्हीए. म्हणजे 5 एचपीला साडेबारा ते पंधरा, साडेसातला वीस, 10 ला पंचवीस ते तीस. एवढ्यावर व्होल्टेज चालू होताना तीसेक टक्के पडतं आणि परत वर येतं. स्टार-डेल्टा (आधी स्टार जोडणीत कमी करंटवर उचलून मग डेल्टात टाकणारा) किंवा सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवणारा) असेल तर दीड ते दोन पटीत भागतं.

यात फक्त ती एक मोटार धरली आहे. घर, गोठा, फ्रीज, ठिबकचा दुसरा पंप आधीच चालू असेल तर तो भार वेगळा मिळवा.

पंधराचा विकून पंचवीसचा घेऊ का?

थांबा. आधी मोटार चालू करायची पद्धत बदलून बघा. तीन सेकंदांसाठी जनरेटर मोठा घ्यायचा आणि पुढं पाच तास तो अर्ध्याहून कमी भारावर डिझेल पीत बसणार, हा सौदा मला पटत नाही.

मोठ्या जनरेटरचा एक तोटा विक्रेते सांगत नाहीत. डिझेल इंजिन सतत तीस टक्क्यांच्या खाली चाललं की नीट तापत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल आणि तेल सायलेन्सरमधून काळ्या चिकट थेंबांनी गळायला लागतं, इंजेक्टर खराब होतात. लहान-मध्यम जनरेटर चांगल्या भारावर एका लिटरात तीन ते साडेतीन युनिट देतो. भार कमी झाला की हाच आकडा भराभर खाली येतो.

स्टार-डेल्टा लावला तर?

लावता येत असेल तर बेस्ट. स्टारमध्ये लाइनचा करंट डायरेक्टच्या एक तृतीयांश होतो. 70 अँपिअरच्या जागी तेवीस-चोवीस. पण मोटारीचा जोरही एक तृतीयांशच राहतो, हे विसरू नका. विहिरीवरच्या पंपाला सुरुवातीला जोर फारसा लागत नाही, त्यामुळे तिथं छान चालतं. पण चक्कीच्या पाळ्यांत दाणे अडकलेले असताना किंवा कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा भरलेली असताना स्टारमध्ये मोटार हलणारच नाही. चक्कीवाल्यांनी दळण टाकायच्या आधी मोटार पूर्ण वेगात येऊ द्यावी, आणि बंद करताना पाळ्या रिकाम्या करूनच बंद करावी.

टायमर नीट लावा. बरेच जण तीन सेकंदांवर ठेवतात. मोटार अजून अर्ध्या वेगात असताना डेल्टा पडला की डायरेक्ट स्टार्टसारखाच झटका बसतो आणि स्टारचा सगळा फायदा पाण्यात. टोंग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावून बघा. स्टारमधला करंट खाली येऊन स्थिरावला की मग डेल्टा पडला पाहिजे. विहिरीवरच्या पंपाला बहुतेक वेळा पाच ते आठ सेकंद.

माझ्या बोअरच्या मोटारीतून तीनच वायर वर आल्यात. स्टार-डेल्टा बसेल का?

नाही. त्याला सहा टोकं लागतात, म्हणजे बोअरमधून दोन केबल वर यायला हव्यात. तीन वायर असतील तर जोडणी आतच पक्की झालेली असते.

इथं एक किस्सा सांगतो. यावलकडचे एक केळीवाले काका. 450 फूट बोअर, साडेसातची मोटार, तीन वायर, 15 केव्हीएचा जनरेटर. एका उन्हाळ्यात मोटार दोनदा जळाली. पहिल्यांदा मी काही न विचारता वायंडिंग भरून दिलं, चूक माझीच. दुसऱ्यांदा मोटार उघडली तर एक फेज कोरी आणि दोन फेज काळ्या कुट्ट. म्हणजे मोटार दोन फेजवर चालली होती. मग शेतावर गेलो. काकांनी स्टार्टर दाबला आणि कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला कॉइलनं ओढला जाणारा स्विच) पिठाच्या चाळणीसारखा खडखडायला लागला. मीटर लावला तर 415 चं व्होल्टेज अडीचशेवर आपटत होतं. एवढ्यावर कॉइल कॉन्टॅक्टरला धरत नाही. तो सुटतो, सुटला की भार गेला म्हणून व्होल्टेज वर येतं, तो परत ओढला जातो, परत सुटतो. सेकंदाला किती वेळा ठिणगी, मोजता येईना. कॉन्टॅक्ट उघडून बघितले तर दोन वितळून घट्ट चिकटलेले आणि तिसरा जळून नुसता काळा.

त्यात खाली सोडलेली केबल अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. एवढ्या लांबीला चालत्या मोटारीतच वीसेक व्होल्ट केबल खाऊन टाकते. चालू होताना आणखी जास्त.

काकांच्या मनात मोठा जनरेटर घ्यायचं होतं. दोन दिवस भाड्यानं 25 चा आणून बघितला, एका दमात उचलला. पण त्याच्या डिझेलचा खर्च बघून काकाच म्हणाले, दुसरं काही आहे का? मग सॉफ्ट स्टार्टर बसवला. तो तीन वायरच्या मोटारीला चालतो. करंटची मर्यादा तिप्पट ठेवली, म्हणजे 40 अँपिअरच्या आत. त्याच पंधराच्या जनरेटरवर व्होल्टेज 310 पर्यंत खाली येऊन परत वर गेलं. केबल पुढच्या वेळी मोटार वर काढली तेव्हा चार स्क्वेअरची टाकली, आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटार बंद करणारा) लावल्याशिवाय मी चालूच करू दिलं नाही.

सॉफ्ट स्टार्टरची वेळ वाढवून पंधरा सेकंद केली तर जनरेटरला आणखी सोपं जाईल ना?

जनरेटरला जाईल, सबमर्सिबलला नाही. तिची थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगते आणि तो थर वेग आल्यावरच बनतो. हळूहळू रेंगाळत वेगात आणली तर बेअरिंग घासते. बोअरच्या मोटारीला दोन-तीन सेकंद, जास्त नाही. विहिरीवरच्या साध्या मोनोब्लॉकला वाढवा पाहिजे तर.

व्हीएफडी लावावी का?

करंटच्या झटक्याच्या बाबतीत व्हीएफडीला, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला, तोड नाही. मोटार शून्यापासून वेगात येते आणि करंट चालत्या करंटच्या फारसा वर जात नाही. सौर पंपाचा कंट्रोलरही असाच असतो, म्हणून सौर पंपवाल्यांना हा त्रास माहीतच नाही. पण व्हीएफडी करंट तुकड्या-तुकड्यांनी ओढते, त्यानं लहान अल्टरनेटरचा एव्हीआर गोंधळतो, व्होल्टेज वर-खाली झुलायला लागतं. जनरेटर घेतानाच "यावर व्हीएफडी चालणार आहे" असं सांगून टाका. जागा धुळीची आणि शेड पत्र्याचं असेल तर तिच्या थंडाव्याचीही सोय करा. आपल्याकडच्या मेमध्ये पत्र्याखाली इलेक्ट्रॉनिक्स टिकवणं हे वेगळंच काम आहे.

पंप चालू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला तर करंट कमी होतो असं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. पहिला झटका तेवढाच असतो, कारण उभ्या रोटरला व्हॉल्व्ह बंद आहे की उघडा ते कळत नाही. पण विहिरीवरच्या पंपाला पाणी ढकलायचं नसलं की तो लवकर वेगात येतो, म्हणजे झटका तीन सेकंदांऐवजी एक-दीड सेकंदात संपतो. जनरेटरला तेवढी सुटकाही मोठी. नंतर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. बंद व्हॉल्व्हवर पंप चालू ठेवून चहाला जाऊ नका, आतलं पाणी उकळतं.

आणि बंद केलेली मोटार लगेच परत टाकू नका. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर पाइपातलं पाणी खाली येताना पंप उलटा फिरतो. त्याच वेळी स्टार्टर दाबला तर मोटारीला आधी उलटं फिरणं थांबवावं लागतं, मग सुलटं. पाच मिनिटं थांबा.

जिनिंगला किंवा दाल मिलला बऱ्याच मोटारी असतात. कोणती आधी चालू करायची?

सगळ्यात मोठी आधी, जनरेटर रिकामा असताना. मग त्याखालची, शेवटी बारीकसारीक. जळगाव-धुळ्याच्या जिनिंगमध्ये कापूस ओढणारा मोठा पंखा हा खरा खलनायक. त्याचं चाक जड, वेगात यायला वेळ लागतो, आणि मोठा करंट दहा-पंधरा सेकंदही राहू शकतो. तो आधी, डँपर (हवेची झडप) बंद ठेवून. मग जिन एकेक करून. दोन मोटारींमध्ये हर्ट्झ आणि व्होल्टेज जागेवर येईपर्यंत थांबायचं. दहा सेकंद पुरतात, पण घाईच्या हंगामात तेवढेही कुणी थांबत नाही.

लाइट गेली तेव्हा जे-जे स्टार्टर अडकलेले राहिले असतील ते आधी सोडवा. जनरेटर चालू केला आणि चेंजओव्हर (लाइन की जनरेटर ते बदलणारा स्विच) टाकताच सगळ्या मोटारी एकदम उठल्या, तर 125 चा जनरेटरही मान टाकतो.

शेतातल्या ऑटो स्विचचं तेच. लाइट आली की गावातल्या सगळ्या मोटारी एका क्षणी चालू होतात आणि डीपी रडते, हे आपण रोज बघतो. जनरेटरवर ऑटो बंदच ठेवा.

कॅपॅसिटर लावून झटका कमी होतो का?

नाही, आणि जनरेटरवर तर उलटं होऊ शकतं. लाइनवर पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेला कॅपॅसिटर बँक जनरेटरवर कमी भारात तसाच राहिला, तर व्होल्टेज वर चढतं आणि एव्हीआरला ते आवरत नाही. कारखान्यातलं पॉवर फॅक्टर पॅनल जनरेटर चालू असताना बंद ठेवायचं. सिंगल फेज मोटारीच्या स्टार्टिंग कॅपॅसिटरबद्दल मी बोलत नाहीये. तो हवाच, आणि मोटार घुंघुं करत असेल तर आधी तोच तपासा.

एव्हीआरचा स्क्रू फिरवून व्होल्टेज 440 ला ठेवलं तर?

करू नका. चालू होताना फरक किंचित पडेल, आणि उरलेला सगळा दिवस मोटार, बल्ब, फ्रीज जादा व्होल्टेज खातील.

लहान जनरेटरचा एव्हीआर स्वतःची ताकद अल्टरनेटरच्याच आउटपुटमधून घेतो. आउटपुट कोसळलं की एव्हीआरही उपाशी, आणि गरज सगळ्यात जास्त तेव्हाच तो लुळा पडतो. शिवाय हर्ट्झ साधारण 47 च्या खाली गेले की बरेच एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज कमी करतात, इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून. तो बिघाड नाही. मोटारीच चालवायच्या असतील तर घेताना विचारा, एव्हीआरला वेगळ्या वायंडिंगवरून किंवा मॅग्नेटच्या छोट्या जनरेटरवरून ताकद मिळते का? तसा अल्टरनेटर झटका खूपच चांगला सोसतो. किंमत जास्त, पण हे पैसे वाया जात नाहीत.

हिवाळ्यात उचलत होता, मेमध्ये उचलत नाही. का?

जनरेटरची पाटी आपल्या उन्हासाठी लिहिलेली नसते. अल्टरनेटरचा हिशोब बहुधा 40 अंशांचा, इंजिनाचा त्याहून थंड हवेचा. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. गरम हवा विरळ, इंजिनाला दम कमी. रेडिएटरनं बाहेर टाकलेली गरम हवाच परत आत येत असेल तर विचारूच नका. तिला शेडबाहेर जायला वाट करून द्या. बंद खोलीत तर जनरेटर चालवूच नका, धुरानं माणूस जातो.

उंचीचंही तसंच. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर 300 मीटरमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. धडगाव-तोरणमाळकडं नेणार असाल तर एक नंबर मोठा घ्या. इथं मात्र मी मोठा घ्या म्हणतो.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा अल्टरनेटर चालेल का?

चालतो, बरेच जण वापरतात. एक किलोवॅटला ट्रॅक्टरचे दोन एचपी धरा. मोटार टाकायच्या आधी थ्रॉटल थोडा वाढवून हर्ट्झ 51-52 ठेवा आणि झटका गेल्यावर 50 ला आणा. हर्ट्झ मीटर नसलेला अल्टरनेटर घेऊ नका. नुसत्या आवाजावर चालवणाऱ्यांच्या मोटारी मी भरतो.

चेंजओव्हर नसेल, सरळ मेनमध्ये वायर जोडली तर चालेल?

नाही. तुमच्या जनरेटरची वीज उलटी डीपीत जाते आणि तिथून पुढं 11 हजार व्होल्ट होऊन लाइनवर चढते. वर खांबावर आपल्याच गावचा वायरमन असतो. चेंजओव्हर लावा, अर्थिंग करा, यावर आणखी चर्चा नको.

भाड्यानं जनरेटर आणतोय. काय बघून आणू?

मोटारीचा एचपी, स्टार्टर कोणता, बोअर किती फूट, हे तिघं सांगून आणा. पाटीवरचा केव्हीए बघा, मालकाच्या तोंडचा नको. शक्य असेल तर तिथंच एखादी मोटार टाकून बल्बकडे बघा. शेतावर आला की आधी दहा मिनिटं रिकामा चालू द्या, इंजिन गरम झालं की मगच मोटार टाका. मोटार चालली पण पाणी नेहमीपेक्षा कमी आलं, तर बोअर आटला म्हणून कपाळाला हात लावू नका. फेजचा क्रम बदलला असेल आणि मोटार उलटी फिरत असेल. जनरेटर बंद करून कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा आणि परत टाकून बघा.